काचेवरचं कुंकू

१

नीळकंठरावांची सगळी नोकरी यवतमाळच्या कोषागारात गेली. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला रांग लावायची, आणि समोर उभा असलेला माणूस खरोखर तोच आहे का, हे बघायचं काम नीळकंठरावांचं. ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं, की एकदा स्वतःच्या चुलत सासऱ्यांनाही सही पुन्हा करायला लावली होती. सासरे पुढे वर्षभर घरी आले नाहीत. नीळकंठरावांना त्याचं काही वाटलं नाही, सही वेगळीच होती म्हणे.

निवृत्तीनंतर एवढ्या मोठ्या संशयाचं करायचं काय, हा प्रश्नच होता. तो मोबाईलनं सोडवला. कोणाला बँकेच्या नावानं फोन आला, कोणाला पोलिसांच्या नावानं, ते रोज सकाळी पेपरातून मोठ्यानं वाचायचे आणि वाचताना मांडी हलवायचे. "मांडी हलवू नका हो, बरं नसतं," असं रजनीताई, म्हणजे त्यांची बायको, लग्नापासून सांगत आल्या होत्या. मांडी काही थांबली नाही; उभे राहिले तरी गुडघा हलायचाच.

पण हा सगळा संशय खरा वळायचा तो आर्णीकडे. तिथे त्यांची धाकटी बहीण विमलताई एकटी राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, शेत बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, कसायला दिलेलं. स्वभाव असा भोळा, की चुकीचा नंबर लावणाऱ्यालाही ती जेवलास का म्हणून विचारायची. हिला एक दिवस कोणीतरी फसवणार आणि आपण इथे बसून राहणार, ही भीती नीळकंठरावांच्या उरात ठाण मांडून बसली होती. त्यांचं तिच्यावर फार प्रेम होतं. तोंडानं ते कधी म्हणाले नाहीत, पण होतं.

म्हणून रोज दिवे लागले की स्क्रीन शेअर. विमलताईच्या शेजारची निकिता कॉलेजात शिकायची, तिनं दोघांना ते लावून दिलं होतं. विमलताईच्या फोनच्या काचेवर जे असेल ते नीळकंठरावांच्या जुन्या कॉम्प्युटरवर दिसायचं, आवाजही यायचा. "दाबलं ना दादा" असं म्हणून ही बाई काहीच दाबायची नाही, म्हणून त्यांनी निकिताकडून एक सोय करून घेतली होती: काचेवर बोट टेकलं की त्या जागी पांढरा ठिपका उमटायचा. विमलताईचा ठिपका धांदरट. टकटक टकटक, एका जागी तीनदा. त्या ठिपक्यावरून तिचा मूडसुद्धा नीळकंठरावांना कळायचा.

हल्ली हुबेहूब आवाज काढून फसवतात, असं पेपरात आलं तेव्हा त्यांनी एक खूणही ठरवून टाकली. ही खूणसुद्धा ह्याच फोनवर ठरली.

"कोणी माझ्या आवाजात बोललं तरी आधी विचारायचं, विहिरीत काय पडलं होतं. मी म्हणीन, आईचा अडकित्ता. दुसऱ्या कोणाले माहीत नाही ते."

"अन् तू इसरला तं?" विमलताई हसली होती.

२

त्या भाऊबीजेला नीळकंठरावांना आर्णीला जाता आलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी धूळ, धूर, प्रवास सगळंच बंद केलं होतं. संध्याकाळी रजनीताईंच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावायचा असं ठरलं. नीळकंठरावांच्या कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता. होता तो त्यांनीच काढून ठेवला होता, कारण तुम्हाला ठाऊक आहेच.

पण विमलताईनं सवयीनं रोजचंच बटण दाबलं. काळा चष्मा लावलेले नीळकंठराव कॉम्प्युटरपुढे बसले, तर समोर तिच्या फोनची नेहमीची स्क्रीन. मागे झेंडूच्या फुलांचं चित्र, त्यावर चार खुणा. बाकी काही नाही.

"विमल, हे कट कर. रजनीच्या फोनवरून लावतो," ते म्हणत होते, पण तिकडे ताटाचा आवाज सुरू झाला होता. निरांजनाची वात सारखी करताना ती नेहमी पुटपुटते, ते पुटपुटणं ऐकू आलं.

"पाटावर ठेवलं हं तुले, दादा. रांगोळी काढली भवताली. दिसून राह्यला छान."

"मी कुठून दिसणार? अगं..."

"टीका लावून राह्यली. हलू नको."

झेंडूच्या बरोबर मधोमध पांढरा ठिपका उमटला. कुंकवाचं बोट टेकलं होतं. ठिपका एकदाच उमटला, आणि ही बाई तर कधीच एकदा दाबत नसे.

"डोळे काहून मिटले?" विमलताई मायेनं म्हणाली. "अन् काळा चष्मा काढला, बरं केलं. चेहरा कसा मोकळा वाटते."

नीळकंठरावांचा हात आपसूक चष्म्याकडे गेला. चष्मा नाकावर होता.

तिनं ओवाळलं. अक्षतांचे दाणे काचेवर पडल्याचा बारीक आवाज आला. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की फोन केला की तिथे त्यांचा जुना फोटो येतो, निकितानंच टाकलाय, त्या फोटोत काळा चष्मा नाही. तोच तिला दिसला असणार. बस्स, एवढंच.

रात्री जेवताना त्यांनी हे रजनीताईंना सांगितलं. रजनीताईंनी आमटी वाढता वाढता हात थांबवला.

"भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. त्या फोनला कशाला ओवाळलं ताईंनी?"

"मला समजून ओवाळलं."

"तुम्ही तर त्यात नव्हता," त्या म्हणाल्या आणि आमटी वाढली.

फोटो डोळे मिटत नाही, हे नीळकंठरावांना तेव्हा आठवलं.

३

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी नेहमीसारखं जोडलं. विमलताई भाकरी थापत होती. परातीवर दोन्ही तळव्यांचा थप्‌थप् आवाज स्पष्ट येत होता, मध्येच तव्याची चरचर. बाजूच्या गव्हाच्या पोत्यावर फोन टेकवलाय, असं तिनंच सांगितलं.

"यंदा तूर मस्त हाय म्हणते बटईवाला. तुले आणून देईन डाळ."

नीळकंठराव हूं म्हणाले, आणि म्हणताना त्यांचं लक्ष स्क्रीनकडे गेलं.

पांढरा ठिपका फिरत होता.

टकटक नाही, धांदल नाही. काचेवरून बोट न उचलता सावकाश सरकत होता. आंधळा माणूस भिंत चाचपतो तसा. कडेपर्यंत जायचा, थांबायचा, परत फिरायचा. थप्‌थप् चालूच होती. दोन्ही हातांची.

"विमल, फोन हातात घेतला का?"

"पिठाचे हात हायेत दादा. काहून?"

ठिपका थांबला. मग फोन नंबरांची यादी असते तिथे गेला, नावं खाली खाली ओढली, आणि 'नीळकंठ दादा' या नावावर जाऊन टेकला. नाव उघडलं नाही. नुसता टेकून राहिला. ठिपका गोल नव्हता, एका बाजूला झुकलेला होता. नीळकंठरावांची उजवी करंगळी लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून वाकडी झाली होती. ती टेबलावर टेकली की असाच तिरका ठसा उमटायचा. त्यांनी करंगळी मुठीत घेतली.

नीळकंठरावांना भूतबीत मान्य नव्हतं. त्यांच्या डोक्यात ताबडतोब चोर उभा राहिला. कोणीतरी तिच्या फोनात घुसलंय. दुसरं काय असणार? आणि सगळ्यात आधी त्यांचा संशय गेला तो निकितावर. पोरगी हुशार आहे, घरात येजा आहे, फोन तिनंच लावून दिलाय. वाईट वाटलं त्यांना, पण संशय ही गोष्ट वाईट वाटून थांबत नसते.

त्यांनी निकितालाच बोलावून घ्यायला लावलं. ती आली, फोन हातात घेतला, बराच वेळ खुडबुडली.

"मामा, बाहेरचं कोनीच नाई जुडलेलं. तुमचंच नाव दिसून राह्यलं. फक्त..."

"फक्त काय?"

"दोनदा दिसून राह्यलं. अन् एक काढलं की दुसरंबी जाते. दोन्ही तुम्हीच हा ना?"

"एक मी आहे. दुसरं काढ."

"तेच तं करून राह्यली मामा. दुसरं कोनतं, हेच समजून नाई राह्यलं."

तिच्या आवाजात लबाडी नव्हती. चाळीस वर्षं माणसं पारखलेल्या नीळकंठरावांना ते कळलं, आणि चोर निकिता असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

"आणि मामा, काचीवरचं कुंकू पुसून नाई राह्यलं," निकिता जाता जाता म्हणाली. "आतून लागल्यावानी वाटते."

४

त्यांनी ते ॲप काढून टाकायला लावलं. दोन दिवस नुसता साधा फोन केला. विमलताई बोलायची, पण पूर्वीसारखी नाही. हे कसं करू, ते कुठे गेलं, असं काही विचारायचीच नाही. जिला गॅसचा नंबर लावता येत नव्हता ती आता सगळं जमतंय म्हणायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नीळकंठराव कॉम्प्युटरवर पेपर वाचत बसले होते. काही न दाबता स्क्रीनवर झेंडूची फुलं आली. विमलताईचा आवाज आला, आधीपासून चाललेल्या बोलण्याच्या मधूनच.

"...मंग अनारसे करीन, तुले आवडते ते."

"विमल? हे कोणी लावलं?"

"आता तं तूच लावलं." ती गोंधळली. "दुपारी म्हणला ना, दिवे लागल्यावर परत लावतो."

"दुपारी मी झोपलो होतो."

"काही तरीच नको बोलू, दादा. तासभर बोललो आपण. तूच म्हणला, काचीवरून ओवाळलं ते काही खरं नाई, उद्या येतो, पाटावर बसतो, नीट ओवाळ म्हणून."

नीळकंठरावांनी रजनीताईंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "झोपला होतात," त्या हळूच म्हणाल्या. "घोरत होतात."

नीळकंठरावांची पाचावर धारण बसली. पण घाबरल्यावर ते आणखी नेमके बोलत, ऑफिसातल्यासारखे.

"नीट ऐक. तो मी नव्हतो. माझा आवाज काढणारा कोणी भामटा आहे. त्याला खूण विचारली होती का?"

"इचारली ना. तू शिकवलं तसं. अडकित्ता म्हणला."

"मग ती खूण गेली. ती सोडून दे. तू एकटी आहेस विमल, तुझ्या घरात शिरायला बघून राह्यला तो. उद्या मी स्वतः येतो. तोवर दार उघडायचं नाही. बाहेरून कोणी माझ्या आवाजात बोललं, अडकित्ता म्हणलं, तरी उघडायचं नाही. कळलं?"

"अन् तू आला तं? तुले कसं ओळखू?"

नीळकंठरावांनी आपल्या करंगळीकडे पाहिलं. "माझं बोट बघ. खिडकीतून वाकडी करंगळी दाखवीन. आवाज काढता येतो, हाड वाकडं करता येत नाही."

"हाव," विमलताई आज्ञाधारकपणे म्हणाली. "बोट बघीन."

बोलून झाल्यावर त्यांना हायसं वाटलं. मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली. झेंडूच्या मधोमध तो तिरका ठिपका कधीचा टेकून होता. हलत नव्हता. मन लावून ऐकणारा माणूस जसा हलत नाही, तसा. नीळकंठरावांनी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढून काढली.

५

डॉक्टरांना न विचारता ते सकाळच्या एसटीनं निघाले. यवतमाळ मागे पडलं. खिडकीतून धूळ येत होती आणि ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी सुटत होतं. फोन त्यांनी घरीच ठेवला होता. जे बोलायचं ते समोर, मधे काच नको. शेतं कापसानं पांढरी झाली होती. आपण उगाच एवढे घाबरलो, पोचल्यावर विमल हसेल, असं ते स्वतःला सांगत होते, आणि सांगताना मांडी इतकी हलत होती की शेजारचा माणूस सरकून बसला.

विमलताईच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळे वेचणीला गेलेले. निकिताच्या घराला कुलूप. विमलताईच्या दाराला आतून कडी होती, आणि उंबऱ्यापुढे ताजी रांगोळी. त्यांना आधी बरंच वाटलं. ऐकलं म्हणायचं बाईनं.

"विमल!" त्यांनी हाक मारली. "मी आलो."

आत काहीतरी हललं. ताटाचा आवाज. तुपाच्या वातीचा वास दाराच्या फटीतून येत होता.

"विमल, दार उघड. दादा आहे."

"आला वाटते तो," आतून विमलताई बोलली. त्यांच्याशी नाही. दबक्या आवाजात, घरातल्याशी बोलतात तशी. "अगदी तुझ्याच आवाजात बोलून राह्यला."

नीळकंठराव धडपडत बाजूच्या खिडकीशी गेले. खिडकीचा एक पल्ला अर्धवट उघडा होता. उन्हातून आलेल्या डोळ्याला आधी नुसता अंधार दिसला. मग रांगोळी दिसली. पाटाचा कोपरा. ताट वाढलेलं होतं, अनारशाला एक घास लागलेला होता. ताटाच्या बाजूला तिचा फोन पालथा पडला होता.

पाटावर कोणीतरी मांडी घालून बसलं होतं. खिडकीच्या फटीतून फक्त गुडघा दिसत होता. पांढऱ्या पायजम्यातला.

तो गुडघा हलत होता. सावकाश, सवयीनं.

नीळकंठरावांनी खाली पाहिलं. त्यांची स्वतःची मांडी, उभ्याउभ्या, थांबली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

६

ओरडावं असं त्यांना फार वाटलं. पण त्यांना एक गोष्ट स्वच्छ कळली. जितकं ओरडू तितकी ती कडी घट्ट होणार. त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द त्यांनीच आधी खोटा ठरवून ठेवला होता. आवाज गेला, अडकित्ता गेला. उरली एक करंगळी.

काही न बोलता त्यांनी उजवा हात गजांमधून आत घातला आणि करंगळी पुढे केली.

विमलताई उठली. निरांजनाचं ताट हातात तसंच होतं. तिनं पाटाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, परत पाटाकडे पाहिलं. मग ताट खाली ठेवून खिडकीशी आली. किती थकली होती ती, केस पार पांढरे झाले होते, काचेवर हे कधी दिसलंच नव्हतं. तिनं त्यांची करंगळी आपल्या हातात घेतली. वाकड्या पेरावरून अंगठा फिरवला, लहानपणी हळद लावताना फिरवायची तसा. तिचा हात ऊबदार होता. तिचे डोळे भरून आले आणि नीळकंठरावांनाही रडू आलं. ओळखलं, ओळखलं हिनं.

"विमल," ते न राहवून म्हणाले. "बाहेर ये, बाई."

त्या आवाजासरशी तिचा अंगठा थांबला.

तिनं ती करंगळी झटकली नाही, हळूच, दुखणार नाही अशा बेतानं, त्यांचा हात गजांबाहेर ढकलला. मग खिडकीचा पल्ला ओढून घेतला. खिट्टी पडली.

"बरोबर म्हणला होता, दादा, तू," आत विमलताई सांगत होती. आवाज अजून भरलेला होता. "बोटबी दाखवलं त्यानं."

आणि निरांजनाचं ताट तिनं पुन्हा उचललं.